शिडाच्या जहाजावरची कपडे-ऐच्छिक उन्हाळी सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एड्रियाटिक समुद्रात, क्रोएशियाच्या किनाऱ्याने होणारी सात रात्रींची सफर डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. जहाज म्हणून 'स्टार क्लिपर'च्या जातीचं, चार डोलकाठ्यांचं जहाज धरलं आहे. दुसऱ्या समुद्रात किंवा दुसऱ्या जहाजावर तपशील थोडे बदलतील. दोर, ऊन आणि वारा मात्र सगळीकडे सारखेच.

'कपडे-ऐच्छिक' म्हणजे नेमकं काय? सगळ्यांनी कपडे काढायचेच असतात का?

नाही. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ इथे शब्दशः घ्यायचा. ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी कपडे काढायची मुभा असते, सक्ती नसते. पूर्ण सफर लुंगी किंवा पोहण्याच्या पोशाखात काढणारे लोक असतात, जोडप्यातला एक विवस्त्र आणि दुसरा कपड्यांत, असंही सर्रास दिसतं. 'तुम्ही अजून काढले नाहीत?' असं कोणी विचारलं तर तो शिष्टाचाराचा भंग आहे आणि आयोजकांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. जिथे नग्नता सक्तीची असते (युरोपातल्या काही निसर्गवादी, म्हणजे विवस्त्र राहणाऱ्यांच्या, वसाहतींत पोहण्याच्या तलावावर ती असते), तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. बुकिंग करताना हा फरक वाचून घ्या.

म्हणजे हा लैंगिक प्रकार आहे का?

नाही, आणि या एका बाबतीत आयोजक सर्वांत कडक असतात. सार्वजनिक जागी लैंगिक वर्तन केल्यास पुढच्या बंदरावर स्वखर्चाने उतरवण्याची अट करारातच असते. उत्तेजक अंतर्वस्त्रं घालून डेकवर फिरणंही बहुतेक ठिकाणी चालत नाही. उघडं अंग चालतं आणि मादक पोशाख चालत नाही, हे नवख्याला उलटं वाटतं. पण तर्क सरळ आहे: इथे शरीराचं प्रदर्शन मांडायचं नसतं, ऊन-वारा अंगावर घ्यायचा असतो.

अशी जहाजं असतात तरी कोणती?

कायमचं कपडे-ऐच्छिक असं मोठं शिडाचं जहाज शोधू नका. एखादी पर्यटन कंपनी एका आठवड्यासाठी अख्खं जहाज भाड्याने घेते आणि त्या आठवड्याचे नियम ठरवते. एरवी तेच जहाज नेहमीच्या प्रवाशांना घेऊन फिरत असतं. अमेरिकेतली 'बेअर नेसेसिटीज' ही या धंद्यातली जुनी कंपनी.

स्टार क्लिपर १९९२ साली बेल्जियममध्ये बांधलं गेलं. लांबी ३६० फूट, शिडं १६, शिडांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस फूट, प्रवासी १६६ आणि खलाशी ७४. त्याच कंपनीचं 'रॉयल क्लिपर' (२०००) पाच डोलकाठ्यांचं आहे, त्याला ४२ शिडं आणि २२७ प्रवासी. हजारो प्रवाशांच्या क्रूझच्या मानाने ही जहाजं फार लहान. दुसऱ्या दिवसापर्यंत चेहरे ओळखीचे होतात. नवख्या माणसाला त्याचाच आधार वाटतो.

लिफ्ट नसते. खोली साधारण १२० चौरस फुटांची. गुडघे दुखत असतील तर जेवणघराच्या जवळच्या मजल्यावरची खोली मागा.

क्रोएशियाच का?

कारण तिथल्या लोकांना यात नवल वाटत नाही. १९३६ साली इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड आणि वॉलिस सिम्प्सन राब बेटावर आले आणि तिथे विवस्त्र पोहले, असं तिथे आजही सांगतात. इस्त्रियातल्या व्ह्रसारजवळची कोव्हेरसादा ही निसर्गवादी वसाहत १९६१ पासून चालू आहे. किनाऱ्यावर 'एफकेके' अशी पाटी दिसली की तिथे विवस्त्र पोहायला हरकत नाही. हे 'फ्रायक्योर्परकुल्टुर' (मुक्त शरीर-संस्कृती) या जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. ह्वारजवळचं येरोलिम हे छोटं बेट आणि दुब्रोव्हनिकसमोरच्या लोक्रुम बेटाचा एक कोपरा यासाठी प्रसिद्ध आहेत. लोक्रुमला जुन्या बंदरातून होडी जाते, पंधरा मिनिटं लागतात. तिथे मोर मोकळे फिरतात. खाऊची पिशवी उघडी ठेवून पाण्यात उतरू नका.

मराठीत हा विषय अगदी नवा आहे असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने नग्नतेबद्दलच्या संकोचावर उघड लिहिलं आणि अश्लीलतेचे खटलेही सोसले.

जहाज आंतरराष्ट्रीय समुद्रात असतं, मग कायद्याचा प्रश्न येतोच कुठे?

हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. क्रोएशियाच्या बेटांमधून जाणारं जहाज बहुतेक वेळ त्या देशाच्याच हद्दीत असतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र असतो आणि ही बेटं त्याच्या कितीतरी आत आहेत. म्हणून नियम असा: बंदरात शिरताना, बंदरात असताना आणि बंदर सोडताना अंगावर कपडे. बंदर मागे पडलं की घोषणा होते आणि मग मुभा सुरू होते. गावासमोर नांगर टाकला असेल तरी कपडे. बंदराचा वाटाड्या (पायलट), कस्टमचे अधिकारी किंवा इंधनाची होडी येणार असेल तेव्हाही कपडे. घोषणा ऐकू आली नाही ही सबब चालत नाही, म्हणून हलकं काहीतरी कायम हाताशी ठेवा.

किनाऱ्यावर गावात तर साधे पोहण्याचे कपडेसुद्धा पुरत नाहीत. ह्वार शहरात पोहण्याच्या पोशाखात रस्त्यावर फिरल्याबद्दल शेकडो युरोंचा दंड आहे. होडीतून उतरण्याआधी शर्ट आणि अर्धी चड्डी तरी चढवाच.

भारतात, मग ते कोकण असो वा गोवा, सार्वजनिक किनाऱ्यावर हे करता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक अश्लील कृतीला लागू होतं. तिकडची सवय इकडे आणू नका.

शिडाच्या जहाजावर विवस्त्र असण्यात वेगळं काय?

जवळपास सगळंच, आणि या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण दुखापती इथेच होतात.

आधी वारा. डेकवर अंगाला लागतो तो समुद्रावरचा खरा वारा नसतो, त्यात जहाजाची गती मिसळलेली असते. समजा वारा १५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आहे आणि जहाज ८ नॉटने चाललंय. वारा पाठीमागून असेल तर डेकवर फक्त ७ नॉट लागतो, हवा कोंदते, घाम येतो. तोच वारा बाजूने असेल तर अंगाला १७ नॉट लागतो, आणि जहाज वाऱ्याकडे तोंड करू लागलं की आणखी जास्त. गार वाटतं आणि माणूस उन्हात तासभर पडून राहतो. कातडी भाजतेय हे कळतच नाही, कळतं ते रात्री अंथरुणावर. पाय पसरण्याआधी शिडांकडे बघा. वारा आडवा असेल तर घड्याळ लावूनच झोपा.

मग दोर. शिडांचे दोर ताणलेले असताना हात लावला नाही तरी धोका असतोच. दोर अचानक सुटला तर उघड्या कातडीवर घासून भाजल्यासारखी जखम करतो. दोर ओढायला हात देणार असाल (प्रवाशांना बहुधा देतात) तर चड्डी, शर्ट आणि बंद बूट घाला. विंचजवळ (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राजवळ) गळ्यातलं लांब मंगळसूत्र, जानवं, मोकळे केस आणि कमरेला गुंडाळलेलं सैल वस्त्र ही चारही धोक्याची. खांद्यावरून लोंबणारा टॉवेल विंचमध्ये गेला तर हात ओढला जातो. उघडं अंग त्या मानाने सुरक्षित.

तिसरं, तापलेल्या वस्तू. सागवानी डेक दुपारी सोसवतं, पण फळ्यांमधल्या काळ्या भेगा तळवे भाजतात. पितळी आणि पोलादी भागांना पाठ टेकू नका. रबरी तळव्याच्या सपाता हव्यात. डेकवर अंगठा अडकण्याजोगी शंभर ठिकाणं असतात, त्यामुळे अंगठ्याच्या चपलांपेक्षा मागे पट्टा असलेल्या बऱ्या.

नाळेपुढच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) जाळीत झोपता येतं म्हणतात, ते विवस्त्र चालतं का?

चालतं, आणि या सफरीतली ती सर्वांत सुंदर जागा आहे. नाळेतून पुढे आलेल्या तिरक्या काठीखाली जाळी ताणलेली असते. खाली थेट समुद्र, आणि नशीब असेल तर डॉल्फिन. पण जाळी दोराची आहे. पंधरा मिनिटांत पाठीवर आणि कुल्ल्यांवर चौकटी उमटतात, पालथं झोपलात तर स्तनाग्रं आणि जननेंद्रियं गाठींवर घासतात. पातळ सुती चड्डी घालून जा, किंवा टॉवेल दोन टोकांना बांधून मग पसरा. सुटा टॉवेल उडतो. चष्म्याला दोरी लावा, फोन नेऊच नका, जाळीतून पडलेला फोन परत येत नाही. इथे ऊन वरून पडतं आणि पाण्यावरून उलटून खालूनही येतं, म्हणून मांड्यांच्या मागे, कुल्ल्यांच्या खालच्या वळीत आणि हनुवटीखाली क्रीम लावलेलं असलं पाहिजे. जहाज आपटायला लागलं की ही जागा बंद करतात.

डोलकाठीवर चढता येतं का?

पहिल्या फळीपर्यंत, हार्नेस घालून, खलाशाच्या देखरेखीखाली, आणि हवा शांत असताना. कपडे घालूनच चढायचं. हार्नेसचे पट्टे मांड्यांच्या सांध्यातून जातात आणि घसरलात तर सगळं वजन तिथे येतं. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बंद बूट.

सनस्क्रीन किती लागतं?

लोक नेतात त्याच्या तिप्पट. पूर्ण अंगाला एकदा नीट लावायचं तर ३० ते ३५ मिली लागतं, म्हणजे चहाचे सात चमचे. दर दोन तासांनी आणि प्रत्येक पोहण्यानंतर पुन्हा. सावलीतला वेळ वजा करूनही एका माणसाला आठवड्याला २०० मिलीच्या तीन-चार ट्यूब लागतात. एसपीएफ ५० घ्या. हातातल्या बॅगेत १०० मिलीहून मोठी ट्यूब विमानात नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका.

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज सोडा. जो भाग जन्मात उन्हात गेलेला नाही तो आमच्याही अंगावर पहिल्याच दिवशी सोलून निघतो. पहिल्या दिवशी तो भाग वीस मिनिटंच उघडा ठेवा, मग रोज थोडं वाढवा. विसरल्या जाणाऱ्या जागा: कानांच्या पाळ्या, केसांचा भांग, पावलांची वरची बाजू, गुडघ्यांच्या मागचा खळगा. खोबरेल तेल लावून उन्हात बसू नका, ते उन्हापासून वाचवत नाही आणि डेकवर सांडलं की पुढचा माणूस घसरतो. फवारा तर नकोच, वाऱ्याने तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

अंगावरचे केस काढायची गरज नाही. काढणार असाल तर निघण्याच्या दोन दिवस आधी, कारण ताज्या वस्तऱ्यावर खारं पाणी भयंकर चुरचुरतं.

टॉवेलचा एवढा बाऊ का?

उघड्या अंगाने सामाईक आसनावर बसायचं नाही, हा या जगातला पहिला नियम. जाल तिथे टॉवेल. दोन ठेवा: बसायचा वेगळ्या रंगाचा, अंग पुसायचा वेगळा. बसायच्या टॉवेलची एक बाजू ठरवून घ्या आणि तीच वर ठेवा. आपला पंचा यासाठी उत्तम, लवकर वाळतो. पण वाऱ्यात उडतो, म्हणून चार चिमटे न्या.

जेवताना काय घालायचं? शाकाहारी जेवण मिळतं का?

जेवणघरात कपडे घालूनच. रात्री नीटनेटके कपडे, एवढीच अपेक्षा असते. डेकवरच्या नाश्त्याला काही आयोजक मुभा देतात, काही नाही.

शाकाहारी जेवण मिळतं, पण 'व्हेज' एवढंच लिहू नका. अंडी चालतात का, मासे चालत नाहीत, कांदा-लसूण-कंदमुळं चालतात का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. जहाज बंदर सोडल्यावर आचारी बाजारात जाऊ शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आषाढी किंवा श्रावणातले उपवास येतात, साबुदाणा तिथे मिळणार नाही. राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, शेंगदाणे न्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा.

फोटोंचं काय?

बहुतेक ठिकाणी डेकवर कॅमेरा बंद, किंवा ठरावीक वेळेत आणि चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची संमती घेऊन. मागे अस्पष्ट दिसणारा माणूसही 'प्रत्येक' मध्ये मोजायचा. डेकवरून घरी व्हिडिओ कॉल लावणं सक्त मना.

आणखी एक गोष्ट आवर्जून करा. घरातून निघण्याआधीच फोनमधलं फोटोंचं आपोआप साठवणं बंद करा. कुटुंबाचा सामाईक अल्बम असेल तर जहाजावर काढलेला फोटो बंदरात वायफाय मिळताच पुण्यातल्या सासूबाईंच्या टॅबवर उघडतो. विवस्त्र फोटो भारतात ऑनलाइन टाकणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली येऊ शकतं. दुसऱ्याचा टाकला तर त्या माणसाची नोकरी, घर, सगळंच पणाला लागतं.

ओळखीचं कोणी भेटलं तर?

तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. नेहमीसारखा नमस्कार करा. परत आल्यावर 'आपण तिकडे भेटलो होतो' हे चारचौघांत बोलायचं नाही, आडनाव आणि व्यवसाय आपणहून सांगितल्याशिवाय विचारायचा नाही.

खलाशांत गोव्याचे तारवटी असू शकतात, कोकणी-मराठी कानावर पडेल. कर्मचारी कायम गणवेशात असतात. त्यांच्याशी बोलताना जवळ जाऊन उभं राहणार असाल तर काहीतरी गुंडाळून घ्या. ते कामावर आहेत, तुम्ही सुट्टीवर आहात.

पुरुषांचा अवघड प्रश्न: नको तेव्हा ताठरता आली तर?

विचारायला लाजू नका, हा प्रश्न जवळपास सगळ्यांच्या मनात असतो. प्रत्यक्षात क्वचित घडतं, कारण नवेपणाचा ताण उलटच काम करतो. घडलंच तर पालथे व्हा, टॉवेल घ्या किंवा पाण्यात उतरा. दोन मिनिटांत प्रश्न मिटतो, कोणी काही म्हणत नाही. टक लावून बघणं मात्र लगेच लक्षात येतं आणि त्याबद्दल नक्की बोललं जातं.

बायकांसाठी: पाळी, व्रण, वाढलेलं वजन?

पाळीत खाली चड्डी घालून फिरणं अगदी नेहमीचं आहे. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर टॅम्पॉनची दोरी आत घ्या, एवढंच. पॅड जहाजाच्या शौचालयात टाकू नका, जहाजाचे नळ अरुंद आणि निर्वात पद्धतीचे असतात. एक पॅड अडकलं की शेजारच्या खोल्याही बंद पडतात.

सिझेरियनचा व्रण, स्तन काढलेली छाती, सुटलेलं पोट, पांढरे डाग, कृत्रिम पाय, हे सगळं तिथे असतं. प्रवासी बहुतांश पन्नाशी-साठीचे असतात. आरशात स्वतःला नाकारत आलेल्या बाईला इथे तिसऱ्या दिवशी पदर सावरायची सवय सुटलेली असते. हे जहाज सुचवण्यामागे आमचं खरं कारण तेच आहे.

समुद्र लागतो. काय करावं?

शिडं भरलेली असताना जहाज एका बाजूला झुकतं पण डुलत कमी, कारण वारा त्याला धरून ठेवतो. इंजिनावर चालताना जास्त डुलतं. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून त्या दिवशी दारू नको आणि उन्हात झोपणं तर मुळीच नको. आलेपाक खिशात असू द्या. खिसा नसेल तर कमरेची छोटी पिशवी.

हवा कशी असते?

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साधारण २४ ते २६ अंश. दिवसा मायेस्त्राल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. शाळेत शिकलेले खारे वारे, तेच. सकाळी दहा-अकराला सुरू, दुपारी जोरात, सूर्यास्ताला बंद. ईशान्येची बुरा मात्र डोंगरावरून अचानक कोसळते. ती आली की कप्तान मार्ग बदलतो, ठरलेलं बेट रद्द होतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. संध्याकाळी ओल्या उघड्या अंगाला हुडहुडी भरते, तेव्हा विंडचीटर आणि एक शाल हवीच.

क्रोएशियाचा किनारा वाळूचा कमी, गोट्यांचा जास्त. खडकांत काळे समुद्री साळू असतात, पाण्यातले बूट घातल्याशिवाय उतरू नका.

व्हिसा?

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जहाज कोटोरला जाणार असेल तर तो माँटेनेग्रो, शेंगेनच्या बाहेर. वैध शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळतो, पण परत क्रोएशियात यायला व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर कंपनी जहाजावर चढूच देत नाही. अर्जात जहाजाचं नाव, बंदरं आणि तारखा द्या. सफर कोणत्या प्रकारची आहे ते कोणी विचारत नाही. विचारलं तर खोटं सांगू नका, त्यात बेकायदा काही नाही.

निघण्याच्या बंदरावर एक दिवस आधी पोहोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

एकटा पुरुष येऊ शकतो का? मुलं?

काही आयोजक एकट्या पुरुषांची संख्या मर्यादित ठेवतात, काही प्रतीक्षा यादी करतात. आधी विचारा. या भाड्याच्या सफरी बहुधा प्रौढांसाठीच असतात.

गेल्यावर नकोसं वाटलं तर?

कपडे घाला. पहिल्या दिवशी बहुतेकजण असंच करतात: टॉवेल गुंडाळून कठड्याशी उभं राहतात, दुपारपर्यंत बघतात, मग वाऱ्याआडची एखादी कोपऱ्यातली खुर्ची धरतात. मागच्या डेकवर, सुकाणूच्या पाठीमागे, सकाळी सातच्या सुमाराला सर्वांत कमी माणसं असतात आणि ऊनही कोवळं असतं. सुरुवात तिथून करा.